कशात किती? द्राक्षबागेतल्या द्रावणांचा हिशेब

‘वहिनी, टाकीला किती टाकू?’

ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळांसाठीची छाटणी, झाली की आमच्या तासगाव तालुक्यात शेडोशेडी रोज सकाळी हाच प्रश्न असतो. पण तो अर्धाच प्रश्न आहे. टाकी केवढी, पुडीवर काय छापलंय आणि फवारताना पाण्यात औषध किती असायला हवं, हे कळल्याशिवाय त्याला उत्तर देता येत नाही. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं, लग्न होऊन द्राक्षवाल्या घरात आले आणि फवारणीची वही माझ्याकडे आली. त्या वहीतलं गणित अवघड नाही. ज्याला त्रैराशिक येतं त्याला ते येतं. तरी दर हंगामात कुठली ना कुठली बाग याच हिशेबापायी मार खाते. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. ज्यांच्याकडे बाग नाही त्यांनीही वाचावं, कारण खोकल्याच्या औषधापासून फिनेलच्या बाटलीपर्यंत हिशेब हाच आहे.

एखादा पदार्थ पाण्यात विरघळला की द्रावण झालं. ते किती तीव्र आहे हे नुसत्या पदार्थाच्या वजनावरून ठरत नाही. ‘पाच ग्रॅम औषध घातलं’ या वाक्यातून काहीच कळत नाही. पाच ग्रॅम एका लिटरात घातलं तर पान जळेल, पाचशे लिटरात घातलं तर कदाचित काहीच होणार नाही. तीव्रता म्हणजे कशात किती, एवढंच.

टक्का आणि पीपीएम

सोपं माप टक्क्याचं. १०० लिटर द्रावणात १ किलो पदार्थ म्हणजे १ टक्का. लिटरच्या भाषेत १० ग्रॅम. बोर्डो मिश्रण, बेदाण्याचं द्रावण यांचा हिशेब टक्क्यात होतो.

पण काही पदार्थ इतके थोडे लागतात की टक्का तिथे गैरसोयीचा होतो. जिबरेलिक अ‍ॅसिड, म्हणजे आमच्या भाषेत ‘जीए’, हे त्यातलं ठळक उदाहरण. थॉमसनसारख्या बिनबियांच्या द्राक्षाला बी नसल्यामुळे मणी आपसूक फुगत नाही. ते काम जीए करतं. घड पोपटी रंगाचा असताना साधारण १० पीपीएम, मग काही दिवसांनी १५, आणि पुढे मणी धरल्यावर डिपिंगला, म्हणजे घड द्रावणात बुडवताना, त्याहून जास्त, असा क्रम असतो. १० पीपीएम टक्क्यात लिहायचं तर ०.००१ टक्के. शून्यं मोजताना एखादं इकडचं तिकडे झालं की मात्रा दहापट चुकली. त्यापेक्षा पीपीएम बरं.

पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो आणि एका किलोत दहा लाख मिलिग्रॅम. म्हणून लिटरला एक मिलिग्रॅम म्हणजे १ पीपीएम. तीन ओळी पाठ असल्या की पुरे: १,००० लिटरला १ ग्रॅम म्हणजे १ पीपीएम, १०० लिटरला १ ग्रॅम म्हणजे १० पीपीएम, आणि १ टक्का म्हणजे १०,००० पीपीएम.

यातून सूत्र निघतं. हवे असलेले पीपीएम गुणिले लिटर, भागिले हजार, की ग्रॅम आले. २०० लिटरच्या बॅरलला १५ पीपीएम जीए हवं असेल तर १५ गुणिले २०० म्हणजे ३,०००, भागिले हजार म्हणजे ३ ग्रॅम. इथे बहुतेक जण थांबतात, आणि चूक नेमकी इथेच होते. हे ३ ग्रॅम शुद्ध जीएचे आहेत. पुडीत शुद्ध जीए किती आहे ते अजून पाहायचं राहिलं आहे.

पुडीवर ९० टक्के लिहिलं असेल तर ३ भागिले ०.९, म्हणजे ३.३३ ग्रॅम भुकटी लागेल. पाण्यात विरघळणारं ४० टक्क्यांचं उत्पादन असेल तर ३ भागिले ०.४, म्हणजे ७.५ ग्रॅम. बाजारात ०.००१ टक्के जीएची बाटलीही मिळते. ती इतर पिकांसाठी असते. तिच्यातलं द्रावण मुळातच १० पीपीएमचं आहे. ते लिटरला एक मिलि टाकलं तर टाकीत ०.०१ पीपीएम उतरेल, आणि थॉमसनच्या घडाला त्याचा पत्ताही लागणार नाही. तिन्ही बाटल्या-पुड्यांवर नाव एकच, जिबरेलिक अ‍ॅसिड. फरक फक्त त्या बारीक अक्षरातल्या टक्क्याचा.

जास्त झालं तर काय होतं, तेही आमच्याकडे पाहायला मिळतं. घडाचा सांगाडा कडक होतो, देठ जाडजूड होऊन ठिसूळ बनतात, मणी गळतात. ते नुकसान नंतर कुठल्याही फवारणीने भरून निघत नाही.

काच, काटा आणि मूळ द्रावण

जीएची भुकटी पांढरी, पिठासारखी असते. ३.३३ ग्रॅम म्हणजे चमचाभरसुद्धा नाही. ती टोपणाने किंवा अंदाजाने मोजायची गोष्ट नव्हे. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा लागतो. काटा सपाट फरशीवर ठेवायचा, पंखा बंद करायचा, वर कागदाचा तुकडा ठेवून आकडा शून्यावर आणायचा आणि मग भुकटी घ्यायची. पंख्याचा वारा असला की शेवटचा आकडा नाचत राहतो.

ही भुकटी पाण्यात चटकन विरघळत नाही. सरळ बॅरलमध्ये झोकली तर काही कण तसेच तरंगतात, काही तळाला बसतात. मग पहिल्या ओळीला कमी आणि शेवटच्या ओळीला जास्त औषध जातं. म्हणून आधी थोड्या अल्कोहोलमध्ये किंवा अ‍ॅसिटोनमध्ये ती पूर्ण विरघळवायची. काचेच्या भांड्यातून आरपार स्वच्छ दिसलं की मग पाणी.

दिवसभरात बरीच बॅरलं करायची असतील तर प्रत्येक वेळी काट्यावर बसण्यापेक्षा मूळ द्रावण करून ठेवणं सोयीचं. शुद्ध १० ग्रॅम जीए येईल एवढी भुकटी विरघळवून एकूण एक लिटर केलं की ते १ टक्क्याचं, म्हणजे १०,००० पीपीएमचं झालं. आता १०० लिटर पाण्यात २० पीपीएम हवं असेल तर यातलं किती घ्यायचं? पदार्थ तेवढाच राहतो, फक्त पसरतो. म्हणून मूळची तीव्रता गुणिले घेतलेलं आकारमान बरोबर नवी तीव्रता गुणिले नवं आकारमान. १०० लिटर म्हणजे १,००,००० मिलि. २० गुणिले १,००,००० भागिले १०,०००, उत्तर २०० मिलि. मापाच्या जारने २०० मिलि घेतलं की संपलं. जीए पाण्यात फार दिवस टिकत नाही, म्हणून त्या दिवशीचं द्रावण त्याच दिवशी संपवावं.

‘एकूण एक लिटर करणं’ आणि ‘एक लिटर पाणी घालणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक लिटर पाण्यात एक किलो साखर घालून पाक केला तर तो एक लिटर राहत नाही, सुमारे १.६ लिटर होतो. म्हणजे त्या पाकाच्या एका लिटरात साखर एक किलो नसून ६०० ग्रॅमच्या थोडी वर असते. जीएसारख्या विरळ द्रावणात हा फरक नगण्य. ड्रिपमधून सोडायची खतं टाकीत घट्ट कालवताना मात्र तो लक्षात येण्याएवढा असतो. तिथे आधी खत कमी पाण्यात विरघळवावं आणि मग खुणेपर्यंत पाणी भरावं.

मोरचूद, चुना आणि मोल

ऑक्टोबर-नोव्हेंबरात ढग आले की डाऊनीची, म्हणजे केवड्याची, भीती. त्यावरचा सगळ्यात जुना इलाज बोर्डो मिश्रण. त्याची गोष्टही तीव्रतेचीच आहे. फ्रान्समध्ये मेदोक भागात रस्त्याकडेची द्राक्षं लोक तोडून नेत, म्हणून बागायतदार त्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचं निळसर पाणी शिंपडत, म्हणजे ती विषारी दिसावीत. १८८२च्या ऑक्टोबरात बोर्डो विद्यापीठातले प्राध्यापक मिलार्दे यांनी पाहिलं की सगळीकडची पानं केवड्याने गळाली आहेत, पण या शिंपडलेल्या वेलींची शाबूत आहेत. पुढे युलीस गायों या रसायनशास्त्रज्ञाच्या साथीने त्यांनी प्रयोग केले आणि १८८५मध्ये पद्धत जाहीर केली. त्यांचं पहिलं प्रमाण होतं १०० लिटर पाण्यात ८ किलो मोरचूद आणि ३० लिटर पाण्यात १५ किलो चुना. म्हणजे मोरचूद सहा टक्क्यांच्या आसपास. आज आपण १ टक्का वापरतो: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. तेवढं पुरतं हे प्रयोगांनी कळत गेलं.

आता त्या एका किलोत तांबं किती, ते पाहू. मोरचुदाच्या निळ्या स्फटिकात पाणीही बांधलेलं असतं. वजनाने जवळजवळ ३६ टक्के. तांबं असतं साधारण २५ टक्के. म्हणजे १ टक्का बोर्डोत तांबं पाव टक्का, २,५०० पीपीएम. कोरडा दिसणारा तो खडा हातात घेतला तरी त्यातला एक तृतीयांशाहून जास्त भाग पाणीच आहे, हे डोळ्यांना कळत नाही. ते लेबलवरूनच कळतं.

आणि चुना? वजन सारखं घेतलं म्हणून रसायनाचा हिशेब सारखा होत नाही. रासायनिक क्रिया कणाला कण जोडून होते, किलोला किलो जोडून नाही. म्हणून रसायनशास्त्रात कणांची मोजणी ‘मोल’मध्ये करतात. एका मोलमध्ये ६०२वर २१ शून्यं एवढे कण. मोरचुदाचा एक मोल भरतो सुमारे २५० ग्रॅम, कळीच्या चुन्याचा ५६ ग्रॅम. म्हणजे एक किलो मोरचुदात ४ मोल आणि एक किलो चुन्यात जवळजवळ १८ मोल. चुना साडेचारपट जास्त झाला! कणाला कण जोडायचा तर शुद्ध चुना २२५ ग्रॅमच पुरेल. आपल्याकडे मिळणारा चुना मात्र शुद्ध नसतो. हवा लागून तो मरतो, त्यात खडे असतात. म्हणून जुन्या लोकांनी सारखं वजन धरलं. ताजा, चांगला कळीचा चुना मिळाला तर एवढा लागत नाही, आणि म्हणूनच शेवटचा शब्द वजनाचा नसून सामूचा, म्हणजे पीएचचा, असतो.

माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणते, ते सामू तपासायचे विळ्याने. घासून लखलखीत केलेलं विळ्याचं पातं मिश्रणात मिनिटभर धरायचं. बाहेर काढल्यावर त्यावर तांबूस थर दिसला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, अजून चुन्याची निवळी घालायची. पातं स्वच्छ निघालं तर फवारायला हरकत नाही. यातलं शास्त्र पक्कं आहे: लोखंड द्रावणात उतरतं आणि द्रावणातलं तांबं त्याच्या जागी पात्यावर बसतं. म्हणूनच बोर्डो लोखंडी भांड्यात करत नाहीत. मी आता सामूची पट्टी वापरते, पण मामांचं वाक्य खरंच आहे: ‘औषध जादा झालं की पैसं बी जातंय आन् पान बी.’

लिटर आणि किलो एक नव्हे

पाण्याचा लिटर किलोचा असतो, म्हणून सगळ्याच द्रवांचा लिटर किलोचा आहे असं आपण धरून चालतो. पाण्याचा सामू उतरवायला किंवा ड्रिपची नळी साफ करायला फॉस्फरिक अ‍ॅसिड वापरतात. कॅनवर लिहिलेलं असतं ८५ टक्के. त्याच्या एका लिटरात ८५० ग्रॅम अ‍ॅसिड आहे असं वाटेल. पण त्याची घनता १.६९च्या घरात आहे. एक लिटर भरतो सुमारे १,६९० ग्रॅम आणि त्याचे ८५ टक्के म्हणजे जवळपास १,४३० ग्रॅम. अंदाज आणि वस्तुस्थिती यांत दीडपटीहून जास्त फरक! म्हणून घट्ट द्रव पदार्थ घेताना टक्क्याबरोबर घनताही वाचायची. आणि अ‍ॅसिड नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीच नाही.

दुसरी गफलत टाकीची. ६०० लिटरच्या ब्लोअरमध्ये १५० लिटर द्रावण शिल्लक असेल आणि वरून पाणी भरलं, तर औषध ४५० लिटरचंच घालायचं. पूर्ण टाकीचं घातलं की तीव्रता सव्वापट झाली.

तिसरी गफलत लिटरची आणि एकरची. लिटरला २ ग्रॅम औषध आणि एकरी ४०० लिटर पाणी धरलं तर एकराला ८०० ग्रॅम पडतं. नव्या पद्धतीच्या पंपाला पाणी निम्मंच लागतं. तिथेही लिटरला २ ग्रॅमच धरलं तर एकराला ४०० ग्रॅमच गेलं. तीव्रता बरोबर आणि मात्रा अर्धी. म्हणून वहीत दोन्ही आकडे लिहायचे: लिटरला किती आणि एकरी किती.

दहा टनांत अर्धा ग्रॅम

टाकीतला हिशेब बागेत संपत नाही. २०१०च्या हंगामात युरोपला गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वॅट क्लोराईडचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि माल अडकला. सांगलीपासून नाशिकपर्यंत बागायतदारांना तो हंगाम विसरता आलेला नाही. हे रसायन, आमचं ‘सीसीसी’, एप्रिलातल्या खरड छाटणीनंतर शेंड्याची वाढ रोखायला वापरलं जायचं. ५० टक्क्यांचं सीसीसी लिटरला एक मिलि घेतलं तर टाकीत सुमारे ५०० पीपीएम होतं. युरोपची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे ०.०५ पीपीएम. दोन्ही आकड्यांत दहा हजारपट अंतर. दहा टन द्राक्षांत सगळं मिळून अर्धा ग्रॅम, एवढीच सवलत. आणि वेलीत हे रसायन दीर्घकाळ टिकून राहतं. एप्रिल-मेमध्ये मारलेलं पुढच्या फेब्रुवारीतल्या मण्यात निघालं.

पीपीएम ही टाकीत घालायची गोष्ट आहे, तशीच ती परदेशातल्या प्रयोगशाळेत मोजली जाणारीही गोष्ट आहे, हे त्या वर्षी घरोघरी कळलं. आता निर्यातीच्या बागांची नोंदणी होते आणि मालाचे नमुने तपासून मगच तो पुढे जातो. पुण्याजवळच्या मांजरी इथलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या अंश-तपासणीचं मुख्य ठिकाण आहे.

मण्यातली साखर आणि बेदाण्याचा उतारा

हंगामाच्या शेवटी द्रावण वेलच करते. मण्यातला रस म्हणजे साखरेचं द्रावण, आणि ‘शुगर किती लागली?’ या व्यापाऱ्याच्या प्रश्नाचा अर्थ तीव्रता किती, हाच. १८ ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम रसात साधारण १८ ग्रॅम साखर. ती मोजायला रिफ्रॅक्टोमीटर: रसाचा एक थेंब काचेवर ठेवायचा, झाकण लावायचं, उजेडाकडे धरून डोळा लावायचा. निळा आणि पांढरा भाग जिथे भेटतात तो आकडा. साखर जास्त तेवढा प्रकाश जास्त वाकतो, त्यावर हे यंत्र चालतं. आधी शुद्ध पाण्याचा थेंब घेऊन शून्य जुळवून घ्यावं. आणि मणी घडाच्या वरून, मधून आणि टोकाकडून घ्यावेत. नुसत्या वरच्या मण्यांवर आकडा फुगून येतो.

बेदाणा करायचा तर हा आकडा थेट पैशात उतरतो. घड आधी लिटरला साधारण २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिलि डिपिंग ऑईलच्या द्रावणात बुडवतात, म्हणजे अडीच टक्के आणि दीड टक्का. त्याने मण्यावरचा मेणाचा थर सैल होतो आणि आतलं पाणी लवकर उडतं. पाणी उडतं, साखर तिथेच राहते. १ टन द्राक्षं २२ ब्रिक्सची असतील तर त्यात २२० किलो घन पदार्थ. बेदाण्यात १५ टक्के ओलावा ठेवायचा म्हणजे २२० भागिले ०.८५, सुमारे २५९ किलो बेदाणा. तीच द्राक्षं १८ ब्रिक्सला उतरवली तर १८० भागिले ०.८५, २१२ किलो. टनामागे ४७ किलोंचा फरक. साल, गर, गळ यांमुळे प्रत्यक्षात थोडं इकडे तिकडे होईल, पण चार किलोला एक किलो हा तासगावच्या शेडमधला जुना आडाखा कुठून आला ते या भागाकारात दिसतं. घाईने उतरवलेल्या मालाचा तोटाही त्यातच दिसतो.

मोठ्या प्रयोगशाळेची गरज कुठेच पडत नाही. शेडमध्ये एक चांगला काटा असावा, खुणा असलेला मापाचा जार असावा. नवी टाकी आली की मापाच्या बादलीने भरून तिच्यावर शंभर-शंभर लिटरच्या रेघा ऑइलपेंटने ओढाव्यात. पुडी फाडण्याआधी टक्का वाचावा. वहीत तारीख, औषध, टक्का, लिटर आणि ग्रॅम हे पाच रकाने भरावेत, आणि गड्याला नुसता आकडा न सांगता तो कसा आला तेही सांगावं. या सगळ्याचा खर्च एका फवारणीच्या औषधाहून कमी आहे. येत्या गोडी छाटणीच्या आत एवढं करून घ्या.